चावडीबाहेरचे कान

जून २०२२ च्या अखेरीस सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. राज्यातलं सरकार पडायच्या बेतात होतं, आणि बापू तिकडचं वर्णन ऐकवत होते: काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. ते संभाषण बाहेर फुटलं. दोन-चार दिवसांत त्यावर गाणी झाली, टी-शर्ट छापले गेले, आणि शिवसेनेतल्या फुटीच्या सगळ्या घटनात्मक पेचापेक्षा हे एक वाक्य जास्त लोकांच्या तोंडी बसलं. असलं बोलणं सांगोल्याच्या एसटी स्टँडवर कुठल्याही दिवशी कानावर पडतं. या वेळी मात्र दोघांतला फोन अख्ख्या राज्यानं ऐकला.

सोशल मीडियानं आपल्या रोजच्या जगण्याचं काय केलं, यावर मराठीत दोन उत्तरं तयार असतात. एक, पिढी बिघडली, भाषा बिघडली, वाचन संपलं. दुसरं, ज्याला आवाज नव्हता त्याला आवाज मिळाला. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत, कारण दोन्ही बोलणाऱ्याकडेच बघतात. मोठा बदल ऐकणाऱ्याच्या बाजूला झाला. आपला बराचसा सांस्कृतिक व्यवहार लहान लहान वर्तुळांत चालायचा. गावचा पार, कीर्तनाचा मांडव, तमाशाचा फड, चाळीची गॅलरी, हळदीकुंकू, मंडळाची गल्ली. समोर कोण बसलंय हे बोलणाऱ्याला ठाऊक असे. विनोद किती तिखट करायचा, शिवी घालायची की गिळायची, हे त्यावरून ठरे. ही वर्तुळं आजही आहेत, पण त्यांना आता भिंती उरलेल्या नाहीत.

भिंती कधी पडल्या, याची तारीख जवळजवळ सांगता येते. इंटरनेटवर मराठी माणूस १९९६ च्या ‘मायबोली’ या संकेतस्थळापासून आहे, पण ते मुख्यतः परदेशी गेलेल्यांचं आणि घरात संगणक असलेल्यांचं जग होतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि महिनाभर पुरवून वापरायचा एक जीबी दिवसाला मिळू लागला. योगायोग असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘सैराट’ हा सिनेमा आला होता, त्याच वर्षी ‘भाडिपा’ ही यूट्यूब वाहिनी सुरू झाली आणि कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार-हत्येनंतर ९ ऑगस्टला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला. पुढे असे ५८ मूक मोर्चे निघाले म्हणतात. घोषणा नाहीत, पुढे मुली, मागे पुढारी, मोर्चा संपल्यावर रस्त्यावरचा कचरा उचलायचा, ही आचारसंहिता गावोगाव पोचली ती बरीचशी व्हॉट्सॲपवरून. लाखोंचा जमाव एका सुरात वागू शकतो, हे त्या वर्षी दिसलं. एका सुरात दुसरं काय काय करू शकतो, ते दोन वर्षांनी दिसायचं होतं.

आधी जमेची बाजू. माझ्या मते सगळ्यात मोठी जमा बोलींच्या खात्यावर आहे. छापील मराठीनं आणि दूरदर्शननं दीडशे-एक वर्षं अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी यांना नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी ठेवलं. आज विनोद कुमावतांच्या ‘हाय झुमका वाली पोर’सारखं अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं जातं आणि त्यासाठी खान्देशातल्या कलाकाराला पुण्या-मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओचं दार ठोठवावं लागत नाही. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही वेबमालिका गावातल्याच माणसांनी गावातच उभी केली. तिचा प्रेक्षक कुठल्याही वाहिनीला हेवा वाटेल असा आहे. सिंधुदुर्गात ‘कोकणी रानमाणूस’ मालवणी मुलखातल्या जंगलाबद्दल, पाणवठ्यांबद्दल बोलतो आणि मुंबईत राहणारा चाकरमानी ते ऐकतो. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ तर मराठी न कळणाऱ्यांनीही डोक्यावर घेतलं.

पण मोजणी सुरू झाली की बोलही बदलतो. रीलमध्ये पहिल्या दोन-तीन सेकंदांत प्रेक्षक धरावा लागतो आणि तो धरायला सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे शिवी, हेल आणि भांडकुदळ सासू. वऱ्हाडीत प्रेमही करतात, हिशेबही करतात, मयताला रडतातही. रीलमधली वऱ्हाडी मात्र चोवीस तास विनोदीच असते. पूर्वी शहरातला नाटककार खेडुताचं व्यंगचित्र काढायचा, आता खेडूत स्वतःच काढतो. कारण बाहेरच्या कानांना काय हवंय, हे त्याला लाइकच्या आकड्यांवरून रोज कळतं. ही विदूषकी निदान त्याच्या मालकीची आहे आणि तिचे पैसे त्याला मिळतात, एवढं मान्य करावं लागेल.

स्वयंपाकघराचं उदाहरण मला याहून गोड वाटतं. मराठी घरांमधली चूल जातीनं आणि प्रदेशानं कडेकोट बंद होती. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि घराघरांत पोचलं, तरी त्यातला स्वयंपाक ठरावीक घरांचा होता. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या अन्नावर शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ यायला २०१५ उजाडलं. यूट्यूबवर मधुरा बाचल यांची ‘मधुराज रेसिपी’ आधीपासून होती. २०२० मध्ये नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीनं ‘आपली आजी’ सुरू केलं. आता कोथरूडमधली सून काळ्या मसाल्याचं वांगं करते, लातूरची मुलगी गोड्या मसाल्याची आमटी. येसूर हा मसाला म्हणजे काय, हे मुंबईत विचारावं लागत नाही. जातीची चौकट यानं मोडली असं कुणी म्हणू नये, कारण पंगत अजून वेगळीच बसते. पण चुलीपर्यंत नजर गेली, हेही थोडं नाही. शिवाय आजींना आपलं ‘अंदाजानं’ आता चमच्यात मोजून सांगावं लागतं.

मांडवातल्या बोलण्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. कीर्तनकाराला समोरच्याला झोडपायची मुभा परंपरेनंच दिलेली. निवृत्तीमहाराज इंदुरीकरांनी ती पुरेपूर वापरली आणि यूट्यूबनं त्यांना घरोघरी नेलं. मांडवात बसलेल्या बाया त्यांच्या सुनांवरच्या विनोदांना पदर तोंडाला लावून हसत, कारण महाराज आपल्यातले, सप्ताह आपल्या गावचा, आणि उद्या हेच महाराज सासवांवर घसरणार हेही माहीत. तोच तुकडा पुण्यातल्या वसतिगृहात बसलेल्या मुलीच्या मोबाइलवर येतो तेव्हा तिला फक्त विनोदाचं टोक दिसतं, आणि तिचा राग खोटा नसतो. २०२० मध्ये सम-विषम तिथी आणि मुलगा-मुलगी होण्याबद्दलच्या त्यांच्या विधानावरून गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली प्रकरण उभं राहिलं. विधान अशास्त्रीय होतं, त्याला आक्षेप घेणं रास्तच होतं. महाराजांनी मात्र यूट्यूबवाल्यांना दोष दिला. ज्या कॅमेऱ्यानं त्यांना मोठं केलं त्याच्याच विरुद्ध ही तक्रार, पण ती सगळीच पोकळ नव्हती. दोन तासांचं निरूपण आणि चाळीस सेकंदांचा तुकडा एकाच तराजूत मोजता येत नाही. अर्थात, कुठलाही तुकडा कापला तरी लाज वाटू नये असं बोलायची जबाबदारी कीर्तनकारावर याआधी कधी पडली नव्हती, आणि ती पडली हे मला तरी बरंच वाटतं.

आता गणपती. परळच्या कारखान्यातून मंडळाची मोठी मूर्ती मंडपात न्यायची म्हणजे पूर्वी रात्रीचं, कामाचं काम होतं. ट्रॉली ओढायची, पुढं दोघं-तिघं बांबूनं विजेच्या वायरी वर धरणार, मूर्तीच्या तोंडावर कापड. चार कार्यकर्ते आणि चहाची किटली. आज त्याला आगमन सोहळा म्हणतात. १९२० साली स्थापन झालेल्या चिंचपोकळीच्या मंडळाचा चिंतामणी निघतो त्या दिवशी परळ-लालबागच्या रस्त्यांवर मुंगी शिरायला जागा नसते. सोहळे चतुर्थीच्या आधीच्या शनिवार-रविवारी ठेवतात, म्हणजे नोकरदार पोरांना येता येतं. पुलाच्या कठड्याला लागून कॅमेरेवाले दुपारपासून जागा धरून असतात, मूर्ती वळणावर आली की हजारो हात वर जातात आणि त्या प्रत्येक हातात मोबाइल असतो. मूर्तीच्या पाठीमागे असलेल्याला मूर्ती दिसत नाही, पण समोरच्या मोबाइलच्या पडद्यांवर ती पन्नास वेळा दिसते. मूर्तिकार यंदाची मुद्रा शेवटपर्यंत गुप्त ठेवतो. पहिलं छायाचित्र कुणाचं, यावर पोरांच्या दोस्त्या तुटतात. हा सणातला नवा दिवस कुठल्याही पंचांगानं दिलेला नाही, धर्मशास्त्रानंही नाही. तो फोटो काढणाऱ्या पोरांनी निर्माण केला. जुनी माणसं यावर नाकं मुरडतात. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते, की १८९३ मध्ये टिळकांनी घरातला गणपती रस्त्यावर आणला तेव्हाही नाकं मुरडली गेलीच होती. खटकतं ते वेगळं आहे. दहा दिवस गल्लीतल्या पोरांची नाटकं, वक्तृत्व, भजनं ज्यासाठी मंडप असे, तो भाग कॅमेऱ्यात नीट येत नाही आणि म्हणून वर्गणीच्या हिशेबातही मागे पडतो.

बैलगाडा शर्यतींचं असंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं त्या बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. बंदीच्या आधीच्या शर्यती गावच्या जत्रेच्या होत्या. बंदी उठल्यावर त्या परत आल्या तेव्हा त्यांच्यासोबत ड्रोन, यूट्यूब लाइव्ह आणि पगारी समालोचक आले. आता मैदान कुठलं, गट कितवा, कुठली जोडी गटपास झाली, सेमीला कोण, फायनलला कोण, हे माथाडी कामगार नवी मुंबईत बसून मिनिटामिनिटाला पाहतो. बकासुर नावाच्या बैलाचे चाहते आहेत, त्याची गाणी आहेत, त्याच्या फोटोवर हार घातलेली रील्स आहेत. चांगल्या खोंडाची किंमत पूर्वी पायावरून, खुरावरून, रक्तावरून ठरे. आता नाव किती गाजलंय हेही भावात धरतात.

बाहेरच्या कानांसाठी न बोलणाराही कुणी आहे का? परभणीचे पंजाबराव डख आहेत. त्यांचे हवामानाचे अंदाज व्हॉट्सॲप आणि यूट्यूबवरून मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांपर्यंत पोचतात. त्यांच्या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, असं हवामानतज्ज्ञ वारंवार सांगतात, आणि तज्ज्ञांचं म्हणणं बरोबर आहे. पण हवामान विभागाचं पत्रक जिल्हावार, तुरळक ठिकाणी, मध्यम ते मुसळधार, अशा भाषेत येतं. डख थेट सोयाबीन काढलेल्या माणसाशी बोलतात: अमुक तारखेच्या आत गोळा करा, झाकून ठेवा. सरकारी यंत्रणेकडे उपग्रह आहे, पण खळ्यावर बसलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोर नाही. विज्ञान इथं हरलं ते ज्ञानात कमी पडलं म्हणून नाही. कुणाशी बोलतोय, याचा विसर पडला म्हणून हरलं.

मग एका सुरातल्या जमावाचं ते दोन वर्षांनंतरचं रूप. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा व्हिडिओंनी तापलेल्या आठवडी बाजाराच्या जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. हे लोक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. ज्या महाराष्ट्रात गोसावी, वासुदेव, नंदीवाला दारात येणं हा वर्षाचा क्रम होता, ज्यांना सूपभर धान्य घालणं घराचं कर्तव्य मानत, तिथं हे झालं. कुठूनसा आलेला अनोळखी व्हिडिओ खरा ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या दारात येणारा माणूस अनोळखी ठरला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तांत्रिक उपाय म्हणून ठीक. पण पाठवणाऱ्याला आवर घातला म्हणून ऐकणाऱ्याचं शिक्षण होत नाही. जून २०२३ मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस म्हणजे चोवीस तासांत पुसली जाणारी, आपल्या ओळखीच्यांसाठीची भिंत, असा पोरांचा समज. शहरानं ती भिंत जाहीर सभेसारखी वाचली.

कायदाही याच गोंधळात चाचपडतोय. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असं फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या एका मुलीला आणि ते लाइक केल्यावरून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं, त्या खटल्याची सुरुवात या अटकेतून झाली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की ग्रुपमधल्या कुणी आक्षेपार्ह टाकलं म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्या निकालानं राज्यातल्या किती काकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

काकांवरून कुटुंबाचा ग्रुप आठवला. इथला बदल बातम्यांत येत नाही आणि मला तो सगळ्यात खोल वाटतो. घरात मयत झालं की निरोप कसा जाई? जवळच्या गावी माणूस धाडत. लांबच्या लेकीला फोन गेला तर ‘अण्णांची तब्येत जास्त आहे, निघून या’ एवढंच सांगत. सगळ्यांना कळे की अण्णा गेले, पण तिला प्रवासात एकटीनं रडायला लागू नये म्हणून ते अर्धसत्य असे. आधी लेक, मग भाऊ, मग भावकी, मग गाव, हा क्रम मोडला तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नसत. आता सकाळी सात वाजता गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ, त्याखाली कुणाच्या तरी भाच्यानं टाकलेला अण्णांचा फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली चौतीस जणांचे जोडलेले हात, आणि नाशिकची लेक ते चुलतभावाच्या स्टेटसवर वाचते. भाच्याचा हेतू वाईट नसतो. दुःख पटकन जाहीर करणं म्हणजेच आदर, असं तो शिकलाय. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लावायची सवय आपण आधीच करून ठेवली होती, ती फक्त खिशात आली.

भटकंतीचं थोडक्यात. नाशिकजवळच्या हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या ट्रेकरांच्या पाठीवरल्या सॅकइतक्याच रुंद. त्यांचे व्हिडिओ गाजले आणि पावसाळ्यातल्या रविवारी त्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकून बसू लागले. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथं हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी करावी लागली. फुलं तुडवून त्यांच्यात बसून काढलेले फोटो तरीही येतातच.

बंद करणं हा उपायही करून पाहिला गेलाय. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवून मुलांनी अभ्यासाला बसायचं असा ठराव आहे. त्याच वर्षी यवतमाळमधल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीच केली. बंदीचं काय व्हायचं ते होतंच. पण भोंग्याची कल्पना हुशार आहे, कारण ती यंत्राला शत्रू ठरवत नाही. फक्त एका वेळेपुरतं गावाला पुन्हा एकमेकांसाठीच एकत्र आणते. एकाच घरात कुणी हे केलं तर मुलगा म्हणतो, शेजारच्या पोराकडे आहे ना. साऱ्या गावानं केलं की ती तक्रार उरत नाही.

एका गोष्टीकडे मात्र या साऱ्या वादात कुणाचं लक्ष नाही. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. शेतात, गोठ्यात, विहिरीच्या काठावर व्हिडिओ करणारी हजारो मराठी पोरं-पोरी त्यावर होती. त्यांतले काही थोड्याच दिवसांत आलेल्या इन्स्टाग्रामच्या रील्सवर गेले, काही ‘मोज’ या ॲपवर. त्यांच्या आधीच्या व्हिडिओंचा साठा मात्र भारतात दिसेनासा झाला. बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही देशाच्या सुरक्षेबद्दल बोलले. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रातली खेडी स्वतःला कशी पाहत होती, याचा तो बहुधा सगळ्यात मोठा दस्तऐवज होता, हे कुणी म्हटलं नाही. भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले आणि त्यांतले तीसच्या आसपास उरले. तरी त्यांच्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. अहिराणी गाण्यांच्या, बैलगाड्यांच्या, आजींच्या व्हिडिओंचा साठा आज परदेशी कंपन्यांच्या सर्व्हरवर आहे. सारोळा कासारच्या आजींचं चॅनल २०२० मध्येच कुणीतरी हॅक केलं होतं आणि ते परत मिळवायला त्यांच्या नातवाला धावपळ करावी लागली. तो जाणता होता म्हणून ते मिळालं.